लाल चॅनलकडून उसना घेतलेला उजेड : पोर्ट्रेटमधल्या त्वचेवर काम करतानाचा अनुभव

एका नाटकमंडळीच्या कलाकारांची पोर्ट्रेट्स नुकतीच छापून झाली. फोटो मीच काढले होते आणि त्वचेचं सगळं कामही मीच केलं. काम हाती आलं तेव्हा माहितीचा तुटवडा नव्हता. सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. चॅनल्सचं (फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या वेगवेगळ्या करड्या प्रतींचं) पॅनल उघडून नुसतं बघत बसणाऱ्यांसाठी, ब्लेंड मोडची (वरचा लेयर म्हणजे थर खालच्यात कसा मिसळायचा त्याची) लांबलचक यादी पाहून ती तशीच बंद करणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

जानेवारीच्या शेवटी विचारणा झाली. दहा-बारा चेहरे, वयं विशीपासून सत्तरीपर्यंत, त्वचेच्या छटा तितक्याच वेगवेगळ्या. फेब्रुवारीत फोटो काढायचे आणि मार्चच्या मध्यावर फायली छपाईला द्यायच्या, असं ठरलं. छापखान्याकडून एक पानभर सूचना आल्या : आकार ए3, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटर, 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके), चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा), फाइल टिफ, लेयर सपाट केलेले, कलर प्रोफाइल फाइलमध्येच जोडलेलं. हा कागद फोटो काढण्याआधी मागून घ्या. ए3ला 300 डीपीआयने 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला की 4000 बाय 6000 पिक्सेल मिळतात. आकडे पुरतात, पण क्रॉप करायला फारशी जागा उरत नाही. म्हणून चौकट मी फोटो काढतानाच नीट ठरवली आणि सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फायलींत, काढलं.

दुसरा कागद मी स्वतः तयार केला आणि त्याचा उपयोग शेवटपर्यंत झाला. प्रत्येक कलाकारासाठी एक छोटा फॉर्म : काय राहू द्यायचं, काय काढायचं, सही. महिन्याभरात आपोआप जाणारं असेल ते काढायचं, म्हणजे पुटकुळी, दाढी करताना झालेला काप, जागरणाने आलेली लाली. कायमचं असेल ते विचारल्याशिवाय हलवायचं नाही, म्हणजे तीळ, व्रण, वांग, सुरकुत्या. हा माझा नियम होता. मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ नट फॉर्म वाचून म्हणाले, ‘‘कपाळावरच्या आठ्यांना हात लावू नकोस गं. भूमिका मिळतात त्या त्यांच्यामुळेच.’’ मी म्हटलं, ‘‘नाही लावणार काका. इथे लिहा आणि खाली सही करा.’’ एका तरुण मुलीने गालावरच्या पुटकुळ्या काढायला सांगितलं आणि हनुवटीखालच्या व्रणापुढे ‘राहू दे’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. नंतर स्क्रीनवर चेहरा चारपट मोठा दिसतो, तेव्हा हात आपोआप प्रत्येक ठिपक्याकडे जायला लागतो. त्या वेळी हा कागद शेजारी असावा.

आता मुख्य भाग.

पहिली फाइल उघडल्यावर ब्रश हातात न घेता आधी तिन्ही चॅनल्स एकेक करून पाहिली. फोटोशॉपमध्ये कंट्रोल 3, 4 आणि 5 दाबलं की लाल, हिरवं, निळं चॅनल दिसतं आणि कंट्रोल 2 दाबलं की पुन्हा रंगीत फोटो. त्या मुलीचा चेहरा लाल चॅनलमध्ये उजळ आणि जवळजवळ नितळ होता. हिरव्यात प्रत्येक पुटकुळी स्पष्ट दिसत होती. निळ्यात चेहरा काळवंडलेला आणि तपकिरी डाग, बारीक छिद्रं, सगळं उठून आलेलं. क्षण तोच, प्रकाश तोच, आणि त्वचेच्या तीन वेगळ्या हकिकती.

कारण साधं आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश भरपूर शोषतं, लाल फारच कमी. त्यामुळे जिथे रक्त जास्त जमलंय ती जागा हिरव्या चॅनलमध्ये गडद दिसते आणि लाल चॅनलला मात्र आजूबाजूच्या त्वचेसारखीच वाटते. शिवाय लाल प्रकाश त्वचेत अधिक खोल शिरतो, आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. बारीक खाचखळगे त्यातच मऊ होतात. तीळ, वांग, तपकिरी डाग होतात ते मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. ते निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, मात्र लालही थोडा शोषतं. म्हणून लाल चॅनलमध्ये पुटकुळ्या नाहीशा होतात, तपकिरी डाग फिके होतात पण राहतात. कुठल्या डागावर ही पद्धत चालेल आणि कुठल्यावर नाही, ते इथेच कळतं.

जुन्या काळातल्या छायाचित्रकारांना याची उलटी बाजू सोसावी लागली. ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट्सना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे ओठ काळपट आणि चेहरे डागाळलेले येत. मग काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने ठिपका ठिपका भरत बसावं लागे. आपल्याला रंगीत फोटोबरोबर लाल चॅनल आयतं मिळतं. स्वच्छ त्वचा त्या फोटोतच असते, ती बाहेरून आणावी लागत नाही. ब्लर करून पोत पुसण्यापेक्षा जिथे डाग मुळात नाही त्या चॅनलकडून तेवढा उजेड उसना घ्यायचा, हे एकदा मनात बसलं आणि पुढचं सगळं काम मला समजायला लागलं.

आकड्यांत सांगते (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पूर्ण उजळ). गालाच्या स्वच्छ भागावर लाल, हिरवं, निळं अनुक्रमे 198, 146, 120 होतं. शेजारच्या पुटकुळीवर 190, 112, 98. लालमध्ये फरक 8, हिरव्यात 34, निळ्यात 22. आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण 59 टक्के. लालचा 30 आणि निळ्याचा 11. त्या हिशेबाने गालाचा उजेड 159 आणि पुटकुळीचा 134 येतो. हा 25चा फरक डोळ्याला खुपतो.

मग लेयर. मूळ फोटोची कंट्रोल-जेने प्रत काढली. इमेज मेनूतलं अप्लाय इमेज उघडलं, चॅनल लाल, ब्लेंडिंग नॉर्मल, 100 टक्के. लेयर करडा झाला. त्याचा ब्लेंड मोड लुमिनॉसिटी केला. यादीत तो अगदी शेवटी असतो. आता रंग खालच्या फोटोचा आणि उजेड लाल चॅनलचा. जिम्प वापरणाऱ्यांनी कलर्स मेनूतल्या कंपोनंट्समधून डीकंपोज केलं की तिन्ही चॅनल्स वेगळे लेयर म्हणून मिळतात. लाल उचलून मूळ फोटोवर ठेवायचं आणि मोड एलसीएच लाइटनेस करायचा. जिम्प मोफत आहे, फोटोशॉपला सबस्क्रिप्शन लागतं. या कामापुरता दोन्हीकडे मार्ग आहे, मी दोन्हीत करून पाहिलं.

हे केल्याबरोबर चेहरा एकदम खुलतो आणि बघणारा हरखतो. मला वाटतं, सगळ्यात जास्त जपायची जागा हीच. लाल चॅनलमध्ये त्वचा उजळच असते, त्यामुळे तिचा उजेड घेतला की माणूस सरसकट गोरा होतो. पुटकुळ्या काढायला सांगितलेल्या मुलीने रंग बदलायला सांगितलेलं नाही. तिच्या त्वचेची छटा तिची आहे आणि ती एका आकड्यानेही हलता कामा नये, यावर मी अडून बसले. बऱ्याच ठिकाणी लेयरची ओपॅसिटी (गडदपणा) 30 टक्क्यांवर आणून पुढे जायला सांगतात. तेवढ्याने उजळपणा कमी होतो, जात नाही, आणि डागही तितकेच परत येतात.

मी केलं ते असं. काम सुरू करण्याआधी गालाच्या स्वच्छ भागावर कलर सँपलरचा एक बिंदू ठेवला आणि इन्फो पॅनलमध्ये त्याचा उजेड टिपून घेतला. लाल लेयर लावल्यावर त्याच लेयरला क्लिप केलेला, म्हणजे फक्त त्याच्यावरच चालणारा, कर्व्ह्ज लेयर (उजेड वक्ररेषेने कमी-जास्त करणारा) जोडला आणि तो आकडा मूळ जागी येईपर्यंत वक्ररेषा खाली ओढली. वरच्या उदाहरणात 198वर असलेला गाल 159वर आणला. गाल जिथे होता तिथे परत आला आणि पुटकुळी मात्र 150च्या आसपास येऊन थांबली. 25चा फरक आठ-नऊवर आला, छटा तीच, त्वचेचं एकही छिद्र पुसलेलं नाही. जिम्पमध्ये कर्व्ह्ज थेट त्या लाल लेयरवरच चालवायचे. या पायरीला मिनिटभर लागतं. ती कुणीही गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

ओठांचं काय होतं ते लगेच दिसतं. ओठ लाल, म्हणून लाल चॅनलमध्ये ते त्वचेत मिसळून जातात. नाकपुड्यांच्या कडा, पापण्यांची आतली रेघ, कानाची पाळी यांचंही तेच. म्हणून लेयरला काळा मास्क (काळं असेल तिथे लेयर झाकणारा, पांढरं असेल तिथे दाखवणारा पडदा) लावायचा आणि हवं तिथेच पांढऱ्या ब्रशने उघडायचं. ब्रश मऊ, फ्लो 10 टक्क्यांच्या आसपास, एकाच जागी दोन-तीनदा हलका फिरवायचा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर लाल चॅनल 255ला टेकलं असेल तर तिथे घेण्यासारखं काही नसतं, नुसता पांढरा चट्टा उमटतो. तिथे ब्लेंड इफचा (लेयर किती उजेडापर्यंत दिसेल ते ठरवणाऱ्या सोयीचा) उजवा स्लायडर आल्ट दाबून दोन भागांत फोडला, म्हणजे तेजस्वी भाग आपोआप वगळला गेला. खरं तर फोटो काढतानाच लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहावा. सगळ्यात आधी तेच भरतं.

एवढं करूनही पुटकुळीच्या जागी गुलाबी छाया राहते, कारण उजेड बदलला तरी रंग खालच्याच फोटोचा आहे. त्यासाठी वर एक रिकामा लेयर घेतला, मोड कलर, आणि शेजारच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचलून 15-20 टक्के ओपॅसिटीने हलकेच फिरवला. उजेड एका लेयरवर, रंग दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र सुधारायला जाल तर चेहरा मेणासारखा दिसायला लागतो.

त्या मुलीच्या गालांवर बारीक पुरळ खूप होतं आणि प्रत्येक ठिपक्यावर मास्क उघडत बसणं शक्य नव्हतं. तिथे हिरव्या चॅनललाच मास्क तयार करायला लावलं. चॅनल्स पॅनलमध्ये हिरव्याची प्रत काढली, त्यावर हाय पास फिल्टर चालवला. त्रिज्या पुटकुळीच्या आकारापेक्षा जरा मोठी, माझ्या फायलींना 10 पिक्सेलच्या आगेमागे. सगळं करडं झालं आणि डाग गडद ठिपके होऊन उरले. मग अप्लाय इमेजने ते चॅनल स्वतःवरच हार्ड लाइटमध्ये दोन-तीनदा बसवलं. मधला करडा जिथल्या तिथे राहतो, गडद आणखी गडद होतं. शेवटी इनव्हर्ट, लेव्हल्सने करडा काळ्यावर आणला आणि डोळे, भुवया, ओठ, केस, कपड्यांवर काळा रंग मारला. हाती पांढऱ्या ठिपक्यांचा मास्क आला, तो लाल लेयरला लावला आणि एक-दोन पिक्सेल मऊ केला. हनुवटीखालचा व्रणही मास्कमध्ये उमटला होता. फॉर्म पाहून तो काळ्याने झाकला. पहिल्या चेहऱ्याला यात अख्खी संध्याकाळ गेली. पुढे हात बसला आणि वेळ बराच कमी झाला, तरी घाईने करण्यासारखं हे काम नाही.

मंडळीतले दोघे गडद वर्णाचे आहेत आणि त्यांच्या फायलींनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. लाल, हिरवं, निळं हा उतरता क्रम त्यांच्या त्वचेतही तोच असतो. व्हिडिओचं काम करणारे व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर) सगळ्या वर्णांच्या त्वचेसाठी एकच रेघ पाहतात ती त्यामुळेच; त्वचेखालचं रक्त सगळ्यांचं सारखं. पण गडद त्वचेत निळं चॅनल जवळजवळ काळं असतं आणि त्यात नॉइज (दाणेदार खरखर) भरलेला असतो, त्याच्याकडून पोत घेऊ नये. गालफडांचा, जबड्याचा आकार हिरवं चॅनल छान धरून ठेवतं. नुसतं लाल घेतलं तर तो सपाट होतो. म्हणून तिथे मी चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम करून लाल 60, हिरवं 40 असं मिश्रण वापरलं. बेरीज 100 ठेवायची, नाहीतर एकूण उजेड सरकतो. त्यानंतर गालाचा आकडा जुळवायची पायरी तशीच.

निळ्या चॅनलचा खरा उपयोग चकाकीसाठी झाला. दिव्याखाली घामाने कपाळ चमकतं, ती चमक दिव्याच्या रंगाची म्हणजे पांढरट असते, त्यामुळे तिन्ही चॅनल्समध्ये येते. निळ्यात आजूबाजूची त्वचा सगळ्यात गडद, म्हणून चमक तिथे सगळ्यात वेगळी उठते. निळ्याची प्रत काढून लेव्हल्सने फक्त चमक शिल्लक ठेवली, दात आणि डोळ्यांचे पांढरे भाग वगळले, आणि त्या मास्कमधून शेजारच्या त्वचेचा रंग 25 टक्क्यांनी भरला. चमक पूर्ण काढू नका. कपाळाला गोलाई तिच्यामुळेच असते.

ज्येष्ठ काकांच्या फोटोत चॅनल्सचं काम फार थोडं होतं. दाढीचा एक काप आणि नाकावरची लाली, बस. फ्रीक्वेन्सी सेपरेशनही (बारीक पोत आणि रंग-सावल्या वेगळ्या लेयरवर काढायची पद्धत) शिकून पाहिलं. ते चांगलं तंत्र आहे, पण मोठी त्रिज्या घेतली की आकार आणि सावल्या एकमेकांत मिसळतात, आणि इतकं सगळं चॅनल्सकडून मिळत असताना मला त्याची गरज पडली नाही.

काम करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद, पांढरा बिंदू 6500 केल्विन, गॅमा 2.2, आणि ब्राइटनेस आपण एरवी ठेवतो त्यापेक्षा बराच कमी. सगळ्यात वर एक करड्या रंगाचा लेयर कलर मोडमध्ये ठेवला होता. लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून तो चालू केला की फक्त उजेड दिसतो आणि कुठे चट्टे पडलेत ते लगेच कळतं. दर थोड्या वेळाने झूम कमी करून पूर्ण चेहरा बघायचा. 200 टक्क्यांवर जे डोळ्यांत खुपतं त्यातलं बहुतेक ए3 कागदावर कुणाला दिसणारही नसतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागवलं. प्रत्येक चेहऱ्याचं पूर्ण प्रूफ काढणं महाग पडलं असतं, म्हणून सगळ्यांच्या गालांच्या आणि कपाळांच्या मूळ आकारातल्या पट्ट्या एकाच ए3 फाइलमध्ये शेजारी शेजारी लावल्या. एका कागदाच्या खर्चात सगळे चेहरे तपासून झाले. प्रूफ यायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि त्या काळात फायलींना हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. मन सारखं तिकडेच जात होतं. डोळे निवले की चुकार डाग आपोआप दिसतात, हेही खरं. प्रूफ स्क्रीनपेक्षा किंचित गडद आलं. सगळ्या फायलींवर एकच हलका कर्व्ह्ज लेयर चढवून ते भागलं. लेयर शाबूत ठेवल्याचा फायदा इथे झाला.

मग मंजुरी. प्रत्येकाला आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावून पाठवला, सोबत त्यांच्याच फॉर्मची प्रत. बहुतेकांचं उत्तर त्याच दिवशी आलं, एक-दोघांसाठी थांबावं लागलं, आठवण करावी लागली. त्या मुलीचा फोन आला. ‘‘ताई, हा मेकअप केल्यासारखा वाटत नाही, मीच वाटतेय,’’ ती म्हणाली. काकांनी आठ्या मोजल्या असाव्यात, कारण त्यांचा निरोप एवढाच होता : ‘सगळ्या आहेत. मंजूर.’

शार्पनिंग अगदी शेवटी, छपाईच्या आकारावर आणल्यानंतर, आणि तिथेही लाल चॅनल कामाला आलं. त्यात त्वचा उजळ असते आणि पापण्या, भुवया, बुबुळं, केस गडद. तेच चॅनल उलटं करून मास्क म्हणून लावलं की धार केस आणि डोळ्यांना मिळते, त्वचेला फारशी मिळत नाही. गडद वर्णाच्या फायलींत आधी लेव्हल्सने त्वचा आणि केस यांच्यातलं अंतर वाढवून घ्यावं लागतं. त्यानंतर सपाट प्रत काढली, 8 बिट टिफ, प्रोफाइल जोडून रवाना केली. 16 बिटच्या लेयरवाल्या मूळ फायली वेगळ्या जपून ठेवल्या आहेत. पीएसडीची (फोटोशॉपच्या नेहमीच्या फायलीची) मर्यादा 2 जीबी असते, तेव्हा लेयर वाढत चालले तर वेळीच पीएसबीमध्ये (तिच्या मोठ्या फायलींसाठीच्या प्रकारात) सेव्ह करा. आणि कलाकारांचे सही केलेले फॉर्म त्याच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. पुढच्या वेळी कुणी तोच फोटो दुसऱ्या कामासाठी मागितला तर काय काढलं होतं आणि काय ठेवायचं ठरलं होतं ते पुन्हा विचारावं लागत नाही.